खैराचा कात, बाभळीचा डिंक

अंजनवेलजवळ वाशिष्ठी समुद्राला मिळते. हीच नदी चिपळूणवरून वाहत येते आणि त्या चिपळूण-सावर्डे भागात कोकणचं एक जुनं औषधी द्रव्य आजही तयार होतं : कात.

कात खैरापासून होतो. खैर शेंगाकुळातला, बाभळीच्या गोतातला. राजस्थानात ज्याला कुमट म्हणतात आणि सुदानात ज्याच्यापासून अरबी डिंक मिळतो, ते वाळवंटी झाडही याच गोतातलं. खैर कोरड्या मुलखात वाढतो, तसा कोकणच्या धो-धो पावसातही, पाणी साचत नाही अशा उतारावर तग धरतो.

काताची कृती सोपी, पण वेळखाऊ. खोडाचं बाहेरचं पांढरट लाकूड तासून टाकायचं, तांबूस गाभ्याच्या ढलप्या करायच्या, त्या उकळायच्या आणि अर्क गाळून आटवायचा. अर्क थंड होताना त्यातलं कॅटेचिन खाली बसतं; तोच विड्यातला कात. उरलेल्या गडद रसात टॅनिन असतं. एकेकाळी सुती जाळी आणि शिडं टिकावीत म्हणून ती अशा रसात रंगवत.

थोडं टॅनिन कातातही राहतं आणि त्याचा तुरटपणा त्याच्यामुळेच. त्याने तोंडाची त्वचा आवळली जाते, म्हणून हिरड्यांतून येणारं रक्त, तोंड येणं, जुलाब यांवर कात वापरत आले. चरकसंहितेने त्वचारोगांवरच्या द्रव्यांत खैराला अग्रमान दिला. खदिरारिष्ट आणि खदिरादी वटी आजही औषधांच्या दुकानात मिळतात. मात्र झाडपाला म्हणजे निर्धोक, असं समजू नये. शुद्ध कॅटेचिन यकृताच्या विकारांवर युरोपात सियानिडॅनॉल नावाने विकलं जाई. काही रुग्णांच्या रक्तपेशी फुटू लागल्याने ते 1985 मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं. सुपारी-तंबाखूसोबत कात चघळणं हे तर औषध नव्हेच.

कात पाडण्याचं कसब पिढ्यान्‌पिढ्या कातकऱ्यांच्या हाती होतं. इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगल बंद केलं आणि त्यांचा धंदा मोडला. आज कातकरी राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहेत.

बाळंतिणीच्या लाडवातला डिंक बाभळीचा किंवा धावड्याचा. सालीला जखम झाली की झाड तो स्रवतं, आणि बेताने काढला तर जगतंही. कातासाठी मात्र गाभाच लागतो, म्हणजे झाड तोडावंच लागतं. गाभा भरायला वर्षं जातात, कुऱ्हाडीला काही मिनिटं पुरतात. म्हणूनच राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्यात खैराचं नाव आहे आणि तो परवानगीशिवाय तोडता येत नाही. तरीही चोरटी तोड थांबलेली नाही.

ज्यांच्याकडे वरकस जमीन आहे, त्यांनी बांधावर खैर लावावा, तो पुरता वाढू द्यावा आणि रीतसर परवान्यानेच तोडावा. कात विकत घेणाऱ्यांनीही लाकूड कुठून आलं हे विचारावं. औषध हवं असेल तर आधी झाड राखलं पाहिजे.