आवाज वाढवण्याआधी खिडकी बंद करू या

मोठा टीव्ही, त्याला जोडलेला साउंडबार किंवा होम थिएटर ही आता फक्त बंगल्यातली गोष्ट राहिलेली नाही. हप्त्यावर का होईना, दहा बाय बाराच्या खोलीतही वूफर आला आहे. रविवारी सगळे घर एकत्र बसून सिनेमा पाहते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच खोलीत आजी-आजोबा असतात, मांडीवर तान्हे मूल असते आणि भिंतीपलीकडे शेजारच्या मुलीचा दहावीचा अभ्यास चाललेला असतो. म्हणून या वेळी आपण घरातल्या सिनेमाचा आवाज किती असावा आणि तो बेताचा ठेवूनही नीट कसा ऐकू येईल, हे समजून घेऊ.

आवाज का वाढवावा लागतो?

आपण रिमोट हातात घेतो, तो बहुतेक वेळा संवाद कळत नाहीत म्हणून. रस्त्यावरचे हॉर्न, डोक्यावरचा पंखा, कुकरची शिट्टी यांत माणसाचे बोलणे बुडून जाते. शब्द स्पष्ट कळायला ते भोवतालच्या आवाजापेक्षा साधारण १५ डेसिबलने वर असावे लागतात. (डेसिबल म्हणजे आवाज मोजण्याचे माप.) खोलीतला गलबला ५५ डेसिबल असेल, तर संवाद ७० पर्यंत न्यावे लागतात. सिनेमातली मारामारी आणि स्फोट संवादापेक्षा सहज २० डेसिबलने वर जातात, म्हणजे ते ९० वर पोहोचतात. तोच गलबला ४० वर आणला, तर संवाद ६० च्या आत कळतात आणि स्फोटही ८० च्या आसपास राहतात. म्हणून आधी खिडकी-दाराकडे लक्ष द्यायचे आणि मग रिमोटकडे.

कानाला किती सोसते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या निकषानुसार मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्यातून ४० तास ही मर्यादा आहे. लहान मुलांसाठी तेवढेच तास, पण ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे मोठ्यांना ८३ डेसिबल २० तास, ८६ डेसिबल १० तास, ८९ डेसिबल ५ तास आणि ९२ डेसिबल जेमतेम अडीच तास. आकडा थोडाच वाढलेला दिसतो, पण कानावरचा भार दुप्पट झालेला असतो. शिवाय हा हिशेब सगळा मिळून आहे. कारखान्यातले यंत्र, रस्त्यावरची वाहतूक, कानातले हेडफोन हे सगळे त्याच आठवड्यात मोजायचे.

आपल्या आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात, एका कानात सुमारे १५ ते १६ हजार. जखम भरून येते तशा या पेशी पुन्हा उगवत नाहीत. गेल्या त्या कायमच्या गेल्या.

बाहेरचा आवाज कसा अडवावा?

जिथून हवा येते, तिथून आवाज येतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. दाराखालची फट, सरकत्या खिडकीची पट्टी, तुटलेली काच, एसीच्या पाइपभोवतीचे भोक हे सगळे आधी पाहावे. दाराखाली रबरी पट्टी किंवा घट्ट गुंडाळलेली जुनी गोधडी ठेवावी. खिडकीच्या कडेला चिकटणारी फोमची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

जाड पडदे, गालिचा, कपड्यांनी भरलेले कपाट यांनी खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, त्यामुळे शब्द स्पष्ट होतात. पण पडद्याने रस्त्याचा आवाज फारसा अडत नाही, त्याला जड आणि घट्ट बसणारी वस्तूच लागते. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावणाऱ्यांना त्याचा उपयोग तर होत नाहीच, उलट आगीचा धोका वाढतो.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्या खोलीत गॅसची शेगडी, चूल, कोळशाची शेगडी किंवा गॅस गीझर आहे, तिथल्या फटी आणि झरोके कधीही बंद करू नयेत. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो. इतर खोल्यांतही सिनेमा संपला की खिडक्या उघडून हवा खेळती करावी.

उजेड किती असावा?

टीव्ही खिडकीच्या समोर ठेवू नये, काचेवर उजेड पडतो आणि चित्र फिके दिसते. मग आपण ब्राइटनेस वाढवतो आणि डोळे थकतात. पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठा असावा आणि त्याला आतून गडद अस्तर लावावे. प्रोजेक्टर असेल तर खोली जितकी काळोखी तितके चित्र चांगले.

टीव्ही पाहताना मात्र मिट्ट काळोख नको. टीव्हीच्या मागे एक मंद, पिवळसर दिवा ठेवला तर डोळ्यांना आराम मिळतो आणि उठताना म्हातारी माणसे अडखळत नाहीत. रात्री उशिरापर्यंतचा प्रखर उजेड झोपेला मदत करणारे मेलाटोनिन कमी करतो, म्हणून झोपण्याच्या तासभर आधी पडदा बंद केलेला बरा.

आवाज असा लावावा

१. नेहमीच्या जागेवर बसा. सगळ्यांत मागे बसणाऱ्याला ऐकू यावे म्हणून आवाज वाढवू नका, त्याला पुढे बसवा.

२. साध्या बोलण्याचा प्रसंग लावा. शब्द कळू लागले की तिथेच थांबा आणि तो आकडा लिहून ठेवा. एका टीव्हीवरचा २० दुसऱ्या टीव्हीवरच्या २० इतका नसतो.

३. आता गोंगाटाचा प्रसंग लावा. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज जास्त आहे. मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने ढोबळ अंदाज येतो.

४. संवाद हळू आणि स्फोट मोठे, अशी तक्रार असेल तर सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ किंवा ‘डायलॉग’ सुरू करा. मधला स्पीकर वेगळा असेल तर तेवढाच दोन-तीन डेसिबल वाढवा.

५. वूफर कोपऱ्यात किंवा सामाईक भिंतीला टेकवून ठेवू नका. कोपऱ्यात त्याची घरघर वाढते आणि ती भिंतीतून, फरशीतून शेजारी जाते. खाली जाड रबर ठेवा.

शेजाऱ्यांचाही विचार

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपल्या घरातल्या यंत्राचा आवाज आपल्या हद्दीवर त्यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. चाळीत, वस्तीत भिंती पातळ असतात. परीक्षेच्या दिवसांत आपल्या वूफरचा दणका कोणाच्या तरी वहीपर्यंत पोहोचत असतो. दहानंतर वूफर बंद ठेवणे कोणालाही जमण्यासारखे आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

सिनेमानंतर कानात शिट्टी वाजल्यासारखे होणे किंवा कान बंद वाटणे ही कान थकल्याची खूण आहे. असे वारंवार होत असेल किंवा दुसऱ्या दिवशीही थांबत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले तर त्याच दिवशी जावे, उशीर करू नये. घरातले आजोबा रोज ‘आवाज वाढवा’ म्हणत असतील, तर त्यांच्यावर चिडण्याऐवजी त्यांचे कान तपासून घ्यावेत. मोठ्या सरकारी रुग्णालयांत ही तपासणी होते. आजोबांना नीट ऐकू येऊ लागले, तर नातवंडांच्या कानांवरचा भारही कमी होईल.