राजिमचा संगम : पायी ओलांडावयाची नदी

नवापारा आणि समोरच्या तीरावरील राजिम यांच्यामधून महानदी वाहते. सिहावाच्या डोंगरात उगम पावलेल्या या नदीला येथे पैरी व सोंढूर यांचे पाणी मिळते.

पावसाळा सरला की प्रवाह क्षीण होऊन विस्तीर्ण वाळवंट उघडे पडते. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे यात्रा भरते. यात्रेकरू वाळू तुडवीत, उथळ ओहोळ ओलांडीत, पात्राच्या मध्यावरील कुलेश्वर मंदिरास जातात आणि तेथून राजिमच्या राजीवलोचन मंदिराकडे वळतात. तेथील जगपालदेवाचा शिलालेख इ. स. ११४५ मधील आहे.

पावसाळ्यात मात्र कुलेश्वराचे बेट होते. त्याचे उंच जोते अष्टकोनी आहे. सपाट भिंतीवर पुराचा लोंढा थेट आदळतो. कोनापाशी तो दुभंगून दोहों बाजूंनी निघून जातो. मंदिर टिकून राहण्याचे एक कारण या रचनेत सापडते.

वरच्या अंगाला, धमतरीजवळ, गंगरेलचे धरण आहे. त्यामुळे येथील पाणी केवळ स्थानिक पावसावर अवलंबून नाही. आकाश निरभ्र असले तरी धरणातून पाणी सुटल्यास पात्र भरू शकते. म्हणूनच पायी उतरण्यापूर्वी तीरावरील लोकांस नदीची स्थिती विचारणे श्रेयस्कर होय.