कर्नाळ्याची नागसेना

दिवाळीत अंगणात किल्ला करायचा, त्यावर मावळे मांडायचे आणि मग कोण कोणाला हरवतं यावरून भांडायचं. त्या भांडणाला नियम दिले की युद्धखेळ तयार होतो. इंग्लंडात एच. जी. वेल्सने 1913 साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांना नियम दिले. त्याच्याही आधी, 1824 मध्ये, प्रशियाच्या लष्कराने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी राइसवित्झचा 'क्रीगश्पील' स्वीकारला होता. आज हा छंद सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर चालतो. बोटभर उंचीची रंगवलेली सैन्यं, इंचपट्टी आणि मूठभर फासे एवढी सामग्री पुरते. अद्भुताच्या शाखेत चेटके, बुटके, राक्षस असतात आणि कुठे ना कुठे सर्पमानवही असतात.

अशा प्रत्येक जमातीचे दोन दस्तऐवज असतात. एकात आकडे: किती इंच चालते, फाशावर किती पडले की वार लागतो, किती गुणांना मिळते. दुसऱ्यात पार्श्वभूमी, ज्याला खेळणारे 'लोर' म्हणतात: ही माणसं कोण, कुणाशी वैर, का लढतात. दोन्ही एकमेकांना शोभली पाहिजेत. सर्पमानवांच्या बाबतीत ती फारशी शोभलेली नाहीत, असं माझं मत आहे. पनवेलात बसून ती रचली तर शोभतील, हेही.

पाश्चात्त्य सर्पमानवाचं मूळ बरंचसं एका कथेत आहे. ऑगस्ट 1929 च्या 'वीअर्ड टेल्स' मासिकात रॉबर्ट ई. हॉवर्डची 'द शॅडो किंगडम' छापून आली. तिच्यात सापाच्या डोक्याचे लोक माणसाचा चेहरा घेऊन कल राजाच्या दरबारात वावरतात. त्यांना ओळखायचं कसं, तर एक मंत्र आहे, तो त्यांच्या जबड्यातून निघतच नाही. कल्पना झकास आहे. पण पुढच्या पिढ्यांनी तिच्यातून मंत्र टाकला आणि कट तेवढा ठेवला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 साली आला, 1977 च्या त्याच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये नाग आले, 1981 मध्ये डेव्हिड कुकच्या साहसकथेत 'युआन-टी' आले. जंगलातलं पडकं देऊळ, बळी, विष, कारस्थान. वैर कशाचं, हे विचारलं की उत्तर एकच: ते दुष्ट आहेत.

नियमांचीही तीच गत. 'वॉरहॅमर' या युद्धखेळात सरड्यांच्या सैन्याला 'थंड रक्त' असा गुण होता. हिमतीची चाचणी इतरांनी दोन फाशांवर द्यायची आणि बेरीज सैन्याच्या आकड्याइतकी किंवा कमी हवी. सरड्यांनी मात्र तीन फासे टाकून सगळ्यात मोठा बाजूला ठेवायचा. आकडा 7 असेल तर साध्या सैन्याला यश मिळण्याची शक्यता 58 टक्के, सरड्यांना सुमारे 81. गणित सुरेख आहे, पण प्राणी चुकला. सरपटणाऱ्याचं रक्त थंड असतं म्हणजे तो शूर असतो असं नाही. तो सकाळी सुस्त असतो, ऊन लागेपर्यंत.

आपल्याकडे सापांचा खेळ आहेच. संत ज्ञानेश्वरांचा म्हणून परंपरेने ओळखला जाणारा मोक्षपट कवड्यांनी खेळला जाई आणि त्याच्या सापांना विकारांची नावं होती. तो इंग्लंडात गेला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापशिडी होऊन दुकानात आला आणि हळूहळू नावं गळून नुसते आकडे उरले. मात्र मोक्षपटात खेळणाऱ्याला ठरवायचं काहीच नसतं. कवड्या नेतील तिकडे जायचं. युद्धखेळात प्रत्येक फेरीला निर्णय हवा, आणि चांगला नियम तोच, जो खेळणाऱ्याला त्या जमातीसारखा विचार करायला लावतो.

म्हणून नियम शरीरातून काढावेत आणि पार्श्वभूमी तक्रारीतून.

तक्रारींसाठी आदिपर्वासारखी खाण नाही. तिथले नाग म्हणजे राजे, मेव्हणे, मामा, निर्वासित. उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीचा रंग कोणता, या पैजेत कद्रूने मुलांना काळे केस होऊन शेपटीला चिकटायला सांगितलं. जे नको म्हणाले त्यांना तिने शाप दिला: जनमेजयाच्या यज्ञात जळाल. आईनेच दिलेला शाप! शेष भावंडांना कंटाळून तपाला निघून गेला. वासुकीने शापावर उतारा म्हणून बहीण जरत्कारू ऋषीला दिली. अग्नीची भूक भागवायला कृष्णार्जुनांनी खांडववन जाळलं, तेव्हा तिथला नागराज तक्षक कुरुक्षेत्रात होता म्हणून वाचला. त्याची बायको मेली. मुलगा अश्वसेन निसटला आणि पुढे कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनाचा हिशेब चुकवायला आला. एवढं असताना 'ते दुष्ट आहेत' लिहिणं हा आळस आहे.

पनवेलच्या माणसाला खांडववन समजावून सांगावं लागत नाही. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचं पात्र वळवलं, 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं. खोदकाम सुरू झालं की साप वसाहतींत येतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर सर्पमित्राचा नंबर फिरू लागतो. नागसेनेच्या लोरचं पहिलं पान इथेच लिहून होतं. ते आक्रमण करत नाहीत, त्यांचं घर हललं आहे.

आता शरीर. या भागातल्या विषारी सापांत चौघांचा दबदबा आहे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सर्पदंशावरचं इंजेक्शन याच चौघांच्या विषांवर मिळून बनवतात. मी फौजेच्या चार तुकड्या अशाच पाडीन. घोणस कुकरच्या शिटीसारखी फुत्कारते, म्हणून घोणस-तुकडीच्या सहा इंचांत येणाऱ्या शत्रूला हिमतीची चाचणी. पण फुत्कारली की ती लपलेली राहत नाही. नागाने फणा काढला की समोरून बळकट, मागून उघडा, आणि त्या फेरीत चाल नाही. फुरसं लहान, खडकाच्या फटीत मावणारं, खवले घासून इशारा देणारं. ते स्वस्त असावं आणि संख्येने बरंच असावं.

मण्यारीचा नियम माझा लाडका आहे. ती रात्री फिरते आणि तिचा दंश झोपलेल्याला कित्येकदा कळतही नाही. तेव्हा मण्यार-तुकडी फक्त रात्रीच्या फेऱ्यांत हलेल. तिचा वार झाला की खेळाडू तो चिठ्ठीवर लिहून पंचाच्या हाती देईल. दोन फेऱ्यांनी चिठ्ठी उघडेल, तोवर समोरच्याला आपला कुठला सरदार गेला ते कळणार नाही. क्रीगश्पीलमध्ये पंच होताच. त्याला इतकं मजेदार काम फार दिवसांनी मिळेल.

प्रत्येक देणगीला किंमत हवी. साप कधी कधी विष न सोडता चावतो, म्हणून फाशावर 1 आला तर कोरडा दंश. विषाची थैली एकदा रिकामी झाली की दोन फेऱ्या भरायला. अर्धी तुकडी गारद झाली तर कात टाकून सावरता येईल. मात्र कात टाकण्याआधी सापाचे डोळे दुधाळ होतात, म्हणून ती एक फेरी आंधळी. आणि ऊन: पहिल्या दोन फेऱ्यांत चाल चार इंच, तिसरीपासून उन्हातल्यांना सात, सावलीतल्यांना चारच. शत्रू पहाटेच येऊन आदळेल, नागांना तग धरावा लागेल.

विषाचे गुण ठरवताना नवशिके फसतात. समजा 12 वार आहेत, 4 किंवा जास्त पडले की लागतात आणि तितकेच पडले की जखम होते. सरासरी 3 जखमा. लागण्याच्या फाशावर 6 आला की थेट जखम, असा विषाचा नियम जोडला तर 4. फरक किरकोळ वाटतो. पण समोर इतकं टणक सैन्य असेल की जखमेला 6 च हवा, तर साधी जखम सरासरी 1 आणि विषाची अडीचहून जास्त. म्हणजे विष बलाढ्यांनाच जास्त भोवतं. परीक्षिताभोवती केवढा बंदोबस्त होता, तक्षक फळातला किडा होऊन पोचला. यादीत विषाचे गुण समोरच्याच्या ताकदीनुसार धरावेत, सरसकट धरू नयेत.

उतारा मात्र महाभारतातूनच घ्यावा. दुर्योधनाने विष घालून भीमाला गंगेत लोटलं, खाली नाग त्याला डसले आणि विषाने विष उतरलं. तेव्हा नियम असा: दुसऱ्या कुठल्या विषाने ग्रासलेल्या योद्ध्याला नागाने दंश केला तर दोन्ही विषं रद्द. चतुर शत्रू मग आपला सेनापती मुद्दाम विष पाजूनच मैदानात उतरवील. उतरवू दे, त्या पेल्याचे गुणही त्यालाच मोजावे लागतील.

रणभूमी पनवेलपासून सुमारे 12 किलोमीटरवर, गोवा महामार्गाच्या कडेलाच आहे. कर्नाळा किल्ल्याचा सुळका थर्माकोलमध्ये कोरायला सोपा. त्याच्या पायथ्याची खोदीव टाकी म्हणजे नागांच्या येण्याजाण्याच्या वाटा: एका टाक्यात शिरलेली तुकडी पुढच्या फेरीत दुसऱ्यातून वर येईल. सुळक्यावरची आग्यामोहोळं दोन्ही बाजूंना सारखीच शत्रू. 1670 मध्ये मराठ्यांनी हा किल्ला परत घेतला तो आडोसे उभारत, टप्प्याटप्प्याने पुढे सरकून. माणसांच्या सैन्याला तोच हक्क द्यावा: फेरीला एक आडोसा. आणि 1968 पासून खाली पक्षी अभयारण्य आहे, तिथे सर्पगरुड घिरट्या घालतो. कद्रू आणि गरुडाची आई विनता यांचं जुनं भांडण आकाशात हजरच आहे.

बाहुल्या घडवणाऱ्यांना एक सूचना. कमरेखाली शेपूट ही एकच तऱ्हा नाही. अजिंठ्याच्या 19 व्या लेण्याबाहेर नागराजा राणीसह बसला आहे. तो अंगाने पूर्ण माणूस आहे, फक्त मस्तकामागे सात फणे उभारलेले. असा नाग माणसांत सहज मिसळतो, त्यामुळे हॉवर्डचा वेषांतराचा नियमही त्याला शोभतो. घडवायला पेण जवळ आहे. गणपतीच्या पोटावरचा नाग वर्षानुवर्षं वळणाऱ्या हातांना फणा शिकवावा लागणार नाही.

राहिला जिंकण्याचा नियम. बहुतेक खेळांत समोरचा संपला की जिंकलं. नागांच्या कथेत तसं होत नाही. जनमेजयाचा यज्ञ पेटलेला आहे, मंत्राच्या ओढीने साप येऊन अग्नीत पडताहेत. टेबलावर मधोमध यज्ञकुंड ठेवा. प्रत्येक फेरीअखेर फासा टाका, 5 किंवा 6 आला की नागांची एक तुकडी आगीत. हे जळतं घड्याळ थांबवू शकतो एकटा आस्तीक, वासुकीचा भाचा, बाप माणूस आणि आई नाग. त्याला शस्त्र नाही, चाल पाच इंच, आणि सहाव्या फेरीअखेर तो जिवंत कुंडापाशी पोचला तर नाग जिंकले, मग मैदानावर त्यांची एकही तुकडी उरलेली नसो. नागांची फौज रचणाऱ्याने सगळ्यात आधी हा नियम लिहावा आणि फण्यांचे, दातांचे आकडे त्याच्या हिशेबाने बसवावेत.