हाकेच्या अंतरावरची बिनतारी भाषा

पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी लहान आगगाडी आम्हां पहूरकरांस घरच्या माणसासारखी होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास सुरू झालेली ही गाडी २०२० सालीं थांबली, व तो मार्ग रुंद करण्याची योजना मंजूर झाली. तिचे रूळ एकमेकांपासून अवघे अडीच फूट अंतरावर. उलट पाचोऱ्यावरून मुंबईकडे जाणारी मोठी गाडी साडेपांच फुटी मार्गावरून धांवणारी. त्यामुळें पाचोऱ्याच्या स्टेशनांत प्रत्येक पोतें व प्रत्येक वळकटी एका गाडींतून उतरवून दुसरींत चढवावी लागे. दोन्ही गाड्या चांगल्या, दोन्ही इंजिनें धडधाकट. पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालत नसे. मधला सारा व्यवहार हमालाच्या खांद्यावर!

या गोष्टीची मला मोठेपणीं पुन्हां आठवण व्हावी असा एक प्रसंग आमच्या घरांत घडला.

माझ्या आत्याबाई पहूरच्या जुन्या घरांत राहतात. वय ब्याऐंशी, प्रकृति उत्तम, स्मरणशक्ति आमच्याहून तल्लख, पण गेल्या कांहीं वर्षांत कानांनीं दगा दिला. आंधळ्याची लोकांस कींव येते. बहिऱ्यावर मात्र लोक चिडतात. तेंच तें पुन्हां सांगावें लागलें कीं घरच्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती आठी बहिऱ्या माणसास फार स्पष्ट दिसते. आत्याबाईंनीं हळूहळू विचारणेंच सोडून दिलें. पंगतींत सारे हंसले कीं त्याही हंसत. कशाला, तें त्यांस ठाऊक नसे.

पुढें त्यांच्या मुलीनें परदेशांतून पैसे धाडून श्रवणयंत्रांची जोडी घेऊन दिली. या यंत्रांची मौज अशी कीं मोबाइलवर आलेला आवाज तारेवांचून थेट कानांत उतरे. दर रविवारीं मायलेकी तासभर बोलत. पण जुना मोबाइल बिघडला, नवा घेतला, आणि यंत्रें मुकीं झालीं! यंत्राचा विक्रेता म्हणे, यंत्रांत दोष नाहीं. मोबाइलचा विक्रेता म्हणे, मोबाइलांत दोष नाहीं. दोघेही खरें तेंच सांगत होते. दोन महिने आत्याबाईंचा रविवार नुसता पडद्यावरचें तोंड पाहण्यांत गेला.

दिवाळींत माझा पुतण्या आला. तो बंगळुरास अशाच बिनतारी व्यवहाराच्या आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, लिहिण्याच्या कामावर आहे. त्याचा धंदा नेमका काय, हें आम्हीं आजवर त्याला कधीं धड विचारलेंही नव्हतें. ओटीवर बसून त्यानें जें सांगितलें, तें वाचकांसही उपयोगी वाटेल.

१९९४ सालीं स्वीडनमधील लुंड येथें एरिक्सन कंपनीत याप हार्टसन या डच अभियंत्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं जवळच्या जवळ, दहापांच पावलांवर, बिनतारी संदेश पाठविण्याच्या योजनेवर काम सुरू केलें. प्रत्येक कारखानदारानें आपापलें माप ठरविलें तर पाचोऱ्याचाच प्रकार होणार, हें ओळखून १९९८ सालीं एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम व तोशिबा या पांच कंपन्यांनीं संघ स्थापन केला. दहाव्या शतकांत होऊन गेलेला डेन्मार्कचा राजा हाराल्ड याचें टोपणनांव ‘निळा दांत’. त्यानें विखुरलेले प्रदेश एका सत्तेखालीं आणले, म्हणून या योजनेसही त्याचेंच नांव मिळालें: ब्लूटूथ.

तिचा रेडिओ साधारण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतो. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी व घरोघरचें वायफायही त्याच पट्ट्यांत. एवढ्या गर्दींत बोलणें ऐकूं यावें कसें? मूळ पद्धतींत या पट्ट्याच्या ७९ वाटा पाडल्या आहेत, आणि बोलणारीं दोन्ही यंत्रें ठरलेल्या क्रमानें सेकंदास १६०० वेळां वाट बदलतात. एका वाटेवर गोंगाट असला तर तेवढा तुकडा दुसऱ्या वाटेनें जातो. जुन्या काळीं रेडिओ ऐकण्यासाठींही टपालकचेरींत परवान्याची फी भरावी लागे, हें वडीलधाऱ्या वाचकांस स्मरत असेल. येथें मात्र शक्ति इतकी अल्प, कीं भारत सरकारनें २००५ च्या नियमांनीं हा पट्टा अशा यंत्रांसाठीं परवान्यांतून मुक्त केला.

पण रेडिओ म्हणजे केवळ रूळ. त्यावरून काय, कोणत्या क्रमानें व कोणासाठीं न्यावयाचें, हें ठरविणारी आज्ञावली निराळी. तिची रचना टपालासारखी असते. वरच्या मजल्यावर मजकूर; खालच्यावर त्याचें पाकीट; त्याखालीं पत्ता व वर्गवारी; अगदीं तळाशीं थैली वाहून नेणारा. पलीकडच्या यंत्रांत हेंच उलट्या क्रमानें होतें. कोणत्याही मजल्यावर समजुतींत तीळभर फरक पडला, तर पत्र पोंचत नाहीं.

घड्याळ, श्रवणयंत्र किंवा रक्तशर्करा मोजण्याचें उपकरण करणारा कारखानदार ही आज्ञावली सहसा स्वतः लिहीत नाहीं. ती लिहून ठेवणाऱ्या कंपन्या असतात. त्या ती परवान्यानें देतात, गिऱ्हाइकाच्या चिपेवर बसवून देतात, व विकल्या जाणाऱ्या नगामागें कांहीं मोबदला घेण्याचीही रीत आहे. संघाच्या कसोट्यांस उतरल्याशिवाय मालावर ब्लूटूथचें चिन्ह छापतां येत नाहीं. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांचे अभियंते ठराविक वेळीं एकत्र जमून आपलें यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशीं बोलतें कीं नाहीं, हें समोरासमोर ताडून पाहतात. बाहेर प्रतिस्पर्धी, पण या बैठकींत शेजारी!

आपल्या देशांत या धंद्याचें ठळक उदाहरण म्हणजे १९९९ सालीं बंगळूर येथें स्थापन झालेली माइंडट्री कंपनी. तिच्या ब्लूटूथ आज्ञावलीचें नांव ईथरमाइंड. एनएक्सपी ही नामांकित डच चिप-कंपनी आपल्या चिपा वापरणाऱ्यांना जें साहित्य देते, त्यांतही या आज्ञावलीचा समावेश झाला आहे. २०१९ सालीं माइंडट्रीची सूत्रें लार्सन अँड टूब्रोकडे गेलीं, आणि २०२२ च्या नोव्हेंबरांत त्याच समूहाच्या दुसऱ्या कंपनीशीं तिचें विलीनीकरण होऊन एलटीआयमाइंडट्री झाली; तिचें मुख्य कार्यालय मुंबईस. म्हणजे परदेशी नांवाच्या डबींत आपल्या माणसांनीं लिहिलेल्या ओळी असण्याचा संभव आहे. डबीवर मात्र त्यांचें नांव कोठेंच नसतें.

“मग माझ्या यंत्राचें घोडें अडलें कोठें?” आत्याबाईंनीं मुद्द्याचा प्रश्न केला. तो कागदावर लिहून उत्तर देऊं लागला. मूळ ब्लूटूथ श्रवणयंत्राच्या चिमुकल्या बॅटरीला फार जड. म्हणून २०१० सालीं अल्प वीज खाणारा नवा प्रकार निघाला. पण त्यावरून आवाज कसा न्यावा याचा सर्वमान्य नियम बराच काळ नव्हता. कोणीं एका मोबाइलशीं जमवून घेतलें, कोणीं दुसऱ्याशीं. आत्याबाईंच्या यंत्राचें माप जुन्या मोबाइलला जुळत होतें, नव्याला नाहीं. २०२२ सालीं संघानें अल्प विजेवरच्या आवाजाचे नियम पूर्ण केले. यंत्र व मोबाइल दोन्ही त्या नियमांचीं असलीं, म्हणजे सर्वांचा मार्ग एका रुंदीचा. त्यांत अशीही सोय आहे कीं एका प्रक्षेपकाचा आवाज सभागृहांतील कितीही श्रोत्यांच्या कानीं पडावा. उद्यां देवळांतलें कीर्तन मागच्या खांबाजवळ बसलेल्या म्हातारीलाही बुवांच्या समोर बसल्यासारखें ऐकूं येऊं शकेल.

“तोंवर?” आत्याबाई म्हणाल्या. तेव्हां त्यानें खिशांतून एक लहान डबी काढून त्यांच्या गळ्यांत अडकविली. मोबाइलची भाषा ऐकून ती श्रवणयंत्राच्या भाषेंत सांगणारी ही मध्यस्थ. “हा पाचोऱ्याचा हमाल!” मी म्हणालों. त्या रविवारीं मुलीचा आवाज ऐकून आत्याबाई कांहीं वेळ बोलल्याच नाहींत, मग म्हणाल्या, “सर्दी झाली आहे वाटतें तुला.” दोन महिने पडद्यावर पाहून जें कळलें नव्हतें, तें एका शब्दांत कळलें.

वाचकांस दोनच गोष्टी सुचवितों. घरांतील वडील माणसासाठीं श्रवणयंत्र घ्यावयाचें असेल, तर त्यांचा मोबाइल बरोबर न्या, दोन्ही जोडून दुकानांतच बोलून पाहा, आणि मोबाइल बदलतांनाही हाच नियम पाळा. दुसरी गोष्ट अशी कीं सुट्टींत घरीं आलेल्या मुलास केवळ “पगार किती?” न विचारतां “काम काय?” हेंही विचारा. माझ्या पुतण्याच्या बोलण्यांत मला त्या दिवशीं प्रथमच अभिमान ऐकूं आला. तो आधींही असावा. ऐकणारा कान मात्र आमच्याकडे नव्हता.