लग्नाची डिस्क कोणती घ्यावी? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लग्नाची तारीख निघाली की हॉल, आचारी आणि बँडच्या पाठोपाठ शूटिंगवाल्याला बयाणा द्यावा लागतो. पुतणीच्या लग्नाच्या वेळी मोताळ्यातल्या आमच्या घरी शूटिंगवाला आला आणि त्याने विचारलं, "भाऊ, डीव्हीडी करून देऊ, ब्लू-रे करू, का पेन ड्राइव्हमध्ये टाकून देऊ?" घरात जितकी माणसं तितकी मतं निघाली. कुणी म्हणालं, ब्लू-रे सगळ्यात नवी, तीच घ्या. कुणी म्हणालं, आता डिस्क कोण बघतं? वहिनी मात्र गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या लग्नाची सीडी आता लागतच नाही. मग या नव्या डिस्कचा तरी काय भरवसा?"

त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं होतं. दादा-वहिनींचं लग्न २००२ सालचं. त्याच्या तीन व्हीसीडी लोखंडी कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवलेल्या होत्या. त्यातल्या भाग २ मध्ये वहिनींची पाठवणी आहे आणि आज हयात नसलेले त्यांचे वडील आहेत. म्हणून या डिस्कांबद्दल आपल्या घराघरांत जे समज पक्के झाले आहेत, ते एकेक करून तपासू.

गैरसमज १ : सगळ्या डिस्क दिसायला सारख्या, म्हणजे आतूनही सारख्याच

वस्तुस्थिती : सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्हींचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी सुमारे १.२ मिलिमीटर असते. त्यामुळे फसगत होते. २००७ साली मोझर बेअर कंपनीने सिनेमांची अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. सहा रुपयांत काय एवढा फरक पडणार, असं तेव्हा वाटणं साहजिक होतं.

फरक भरपूर होता. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे एका चित्रात साधारण १ लाख ठिपके. डीव्हीडीचं ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाखांच्या वर. ब्लू-रेचं १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांच्या वर. व्हीसीडीत जेमतेम ७४ ते ८० मिनिटं मावतात. म्हणून सिनेमाच्या मध्येच उठून दुसरी डिस्क घालावी लागायची आणि लग्नाच्या तीन-तीन व्हीसीडी व्हायच्या.

हे कसं होतं ते आपल्या वावरावरून समजेल. वावर तेवढंच, पण दोन तासांमधलं, म्हणजे ओळींमधलं, अंतर कमी केलं तर पऱ्हाटीची झाडं जास्त बसतात. सीडीवरच्या दोन रेघांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीवर ०.७४ आणि ब्लू-रेवर ०.३२. इतक्या दाटीत लिहिलेलं वाचायला यंत्रातला लेसर किरणही तितकाच बारीक लागतो. सीडीचा किरण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, डीव्हीडीचा लाल आणि ब्लू-रेचा निळसर जांभळा. ब्लू-रे हे नाव त्यावरूनच पडलं.

गैरसमज २ : जिंकणारा प्रकार ओळखून घेतला की आयुष्यभराची चिंता मिटली

वस्तुस्थिती : प्रकारांच्या लढाया खऱ्याच झाल्या. सोनीने १९७५ साली बीटामॅक्स कॅसेट आणली, जेव्हीसीने १९७६ साली व्हीएचएस. व्हीएचएस जिंकली. पुढे २००६ साली तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनी व तिच्या साथीदारांची ब्लू-रे समोरासमोर आल्या. जगभरचे ग्राहक दोन वर्षं कोड्यात पडले होते. चुकीचं यंत्र घेतलं तर हजारो रुपये पाण्यात जातील, या भीतीने कित्येकांनी खरेदीच लांबवली. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने फक्त ब्लू-रे काढण्याचं जाहीर केलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली. ही लढत आपल्याकडे फारशी जाणवली नाही, कारण तेव्हा आपण व्हीसीडीवरून डीव्हीडीकडे सरकत होतो.

पण जिंकणाऱ्यांचं पुढे काय झालं? व्हीएचएसची यंत्रं बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ साली थांबली. मोझर बेअरच्या दिवाळखोरीचा, म्हणजे कंपनी मोडीत काढण्याचा आदेश २०१८ साली झाला. आणि लढाई जिंकणाऱ्या सोनीनेही कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं. हरणारा लवकर गेला आणि जिंकणारा उशिरा, पण जायची वेळ प्रत्येकावर आली. म्हणून "कोणती डिस्क टिकेल?" यापेक्षा "यातलं चित्रण पुढच्या साधनावर कधी उतरवायचं?" हा प्रश्न घराच्या जास्त कामाचा आहे.

गैरसमज ३ : नव्या यंत्रात लागली नाही म्हणजे डिस्क खराब झाली

वस्तुस्थिती : डिस्क फेकण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली, यंत्राची ओळख. आपल्याकडे विकले गेलेले डीव्हीडी प्लेअर बहुतेक व्हीसीडी वाचतात. ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी वाचतो, पण व्हीसीडी प्रत्येकच ब्लू-रे प्लेअर वाचेल असं नाही. यात दोष डिस्कचा नसतो.

दुसरी, घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या डीव्हीडीवर "आर"च्या आधी उभी-आडवी रेघ आहे की नुसती आडवी, म्हणजे प्लस की डॅश. हे दोन गटही एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते आणि जुनी यंत्रं कधीकधी एकच प्रकार ओळखायची. आजचे ड्राइव्ह दोन्ही वाचतात.

तिसरी, डिस्क भरून झाल्यावर ती बंद करावी लागते, ज्याला स्टुडिओवाले "फायनलाइझ" म्हणतात. ते राहून गेलं असेल तर डिस्क ज्या यंत्रात भरली तिथे चालते आणि दुसरीकडे कोरी दिसते.

चौथी, प्रदेशाचा आकडा. सिनेमाच्या डीव्हीडीसाठी जगाचे भाग पाडले होते. भारत पाचव्या भागात येतो आणि अमेरिका पहिल्या. अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेली सिनेमाची डीव्हीडी इथे अडली तर कारण बहुधा हेच असतं. लग्नाच्या डिस्कवर असा आकडा नसतो.

गैरसमज ४ : चकचकीत बाजू जपली की झालं

वस्तुस्थिती : आमच्या घरात हा गैरसमज महागात पडला. सीडीत माहितीचा थर असतो तो वरच्या, नाव लिहायच्या बाजूला. त्याच्यावर लाखेसारखा पातळ लेप आणि शाई, एवढंच संरक्षण. खालच्या चकचकीत बाजूला मात्र मिलिमीटरभराहून जाड पारदर्शक प्लॅस्टिक असतं. तिथे हलका ओरखडा पडला तरी किरण बहुतेक वेळा निभावून नेतो. वरच्या बाजूला टोकदार वस्तू लागली तर थरच खरवडला जातो आणि तो परत येत नाही.

वहिनींच्या सीडीवर "भाग २" हे मीच लिहिलं होतं, बॉलपेनने, दाबून. परवा ती सीडी ट्यूबलाइटसमोर धरली, तेव्हा त्या अक्षरांच्या रेघांतून उजेड सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी आरपार येत होता. कॉम्प्युटरमध्ये घातली तर पाठवणीच्या जागी चौकोनच चौकोन दिसले. वहिनींच्या वडिलांचा फेटा दिसतो, त्याखालचा चेहरा फुटतो आणि आवाज तुटतो.

डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे वरून ती जास्त सुरक्षित आहे. ब्लू-रेत तो चकचकीत बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. म्हणून तिला त्या बाजूने कठीण लेप दिलेला असतो.

लिहायचंच असेल तर मऊ टोकाचं, डिस्कसाठीचं मार्कर वापरा आणि मधल्या पारदर्शक गोलावर लिहा. कागदी स्टिकर लावू नका. तो सोलताना थर सोबत निघतो. पुसायची झाली तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. आडवा ओरखडा प्रत्येक रेघेला थोडाथोडाच छेदतो आणि तेवढी चूक यंत्र भरून काढतं. गोल ओरखडा एकाच रेघेवर लांबपर्यंत जातो आणि तिथे यंत्र हात टेकतं.

आणखी एक शत्रू म्हणजे ऊन. सिनेमाच्या विकत मिळणाऱ्या डिस्कवर साच्यातून दाबलेले खळगे असतात. लग्नाची डिस्क मात्र कोऱ्या चकतीतल्या रंगद्रव्याच्या थरावर लेसरने भाजून भरलेली असते. ते रंगद्रव्य उष्णतेने आणि उजेडाने हळूहळू उतरतं. राजूर घाटाच्या वर बुलडाण्याला हवा जरा बरी असते, पण घाट उतरून मोताळा-मलकापूरकडे आलं की एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त तापतं. डिस्क माळ्यावर नको, खिडकीत नको. आतल्या खोलीतल्या कपाटात, डबीत, उभी ठेवा.

गैरसमज ५ : जुनी व्हीसीडी ब्लू-रेवर उतरवली की चित्र स्वच्छ होतं

वस्तुस्थिती : छटाकभर दूध घागरीत ओतल्याने घागरभर होत नाही. २००२ सालच्या चित्रात जे एक लाख ठिपके आहेत तेवढेच राहतात. मोठ्या डिस्कवर नेल्याने त्यांच्यात भर पडत नाही. चित्र मोठं, गुळगुळीत किंवा जास्त भडक करता येतं, पण जो तपशील टिपलाच नाही तो परत आणता येत नाही. "एचडी करून देतो" म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर हे लक्षात ठेवा.

एक शोध मात्र जरूर घ्या. त्या काळात शूटिंग टेपवर व्हायचं आणि त्यावरून व्हीसीडी बनायची. मूळ टेप कुणाकडे शिल्लक असेल तर तिच्यावरून नवी प्रत काढा, ती व्हीसीडीपेक्षा सरस निघेल.

गैरसमज ६ : एका डिस्कमध्ये जितकं जास्त, तितका फायदा

वस्तुस्थिती : "पाच सिनेमे एकत्र" अशा डिस्क बाजारात पुष्कळ फिरल्या. हिशोब करून पाहा. साध्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट मावतात. दोन तासांचा एक सिनेमा ठेवला तर सेकंदाला सुमारे ५२ लाख बिट वाट्याला येतात. अडीच तासांचे पाच सिनेमे कोंबले तर ८ लाखांच्या आसपास. साध्या व्हीसीडीत एकट्या चित्रालाच सेकंदाला साडेअकरा लाख मिळतात. म्हणजे नाव डीव्हीडीचं आणि वाटा व्हीसीडीपेक्षाही कमी. लग्नाच्या बाबतीतही हेच खरं. हळदीपासून सत्यनारायणापर्यंतचे सहा तास एका डीव्हीडीत मागू नका.

गैरसमज ७ : पेन ड्राइव्हमध्ये घेतलं की आता काळजी नाही

वस्तुस्थिती : पेन ड्राइव्ह सोयीचा आहे आणि त्यात पूर्ण स्पष्टतेची मूळ फाइल मिळते, हा त्याचा मोठा गुण. पण तो कायमच्या साठवणीसाठी बनलेला नाही. त्यात माहिती विजेच्या अतिसूक्ष्म भाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं न वापरता पडला तर तो भार गळू शकतो. शिवाय आकडा मोठा आणि पोटात जागा थोडी, असे बनावट पेन ड्राइव्ह बाजारात येतात. वरून फाइल दिसते, उघडायला जावं तर उघडत नाही. हार्ड डिस्क पडली तर बिघडते. इंटरनेटवरची साठवण पासवर्ड हरवला किंवा वर्गणी थकली की हातची जाऊ शकते.

यातलं कुठलंच साधन वाईट नाही. एकट्यावर विसंबून राहणं वाईट.

मग काय घ्यावं?

शूटिंगवाल्याला आम्ही सांगितलं, मूळ फाइल पूर्ण स्पष्टतेत हार्ड डिस्कवर दे, तीच एका चांगल्या पेन ड्राइव्हमध्ये दे आणि आईला टीव्हीवर लावता यावी म्हणून एक डीव्हीडी दे. ब्लू-रे घेतली नाही. आमच्या घरात तिचं यंत्रच नाही.

जुन्या डिस्कांसाठी यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला, कारण नव्या लॅपटॉपला डिस्कची खाच नसते. व्हीसीडीत "एमपीईजीएव्ही" नावाच्या फोल्डरमध्ये "डॅट" फाइल असते आणि डीव्हीडीत "व्हिडीओ टीएस" फोल्डर. ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये दोन्ही चालतात. उतरवल्यावर शेवटपर्यंत बघायचं, नुसती सुरुवात बघून समाधान मानायचं नाही.

घराचा नियम आता एकच : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक परगावी. दर पाच वर्षांनी सगळ्या उघडून बघायच्या आणि त्या वेळी जे साधन चालू असेल त्यावर उतरवायच्या.

परगावच्या प्रतीचं मोल आम्हाला वहिनींच्या माहेरी कळलं. २००२ मध्ये शूटिंगवाल्याने दोन संच दिले होते, एक आमच्याकडे आणि एक मलकापूरला त्यांच्या भावाकडे. तिथल्या भाग २ वर कुणी काही लिहिलेलंच नव्हतं. ती सीडी लावली. पाठवणीला चेहरा फुटला नाही. वहिनींचे वडील फेटा सावरत मोटारीच्या खिडकीपाशी वाकतात, लेकीला काहीतरी सांगतात आणि बँडच्या आवाजात ते नीट ऐकू येत नाही. वहिनींनी तो भाग तीनदा मागे घेतला. मग म्हणाल्या, "पोचल्यावर फोन कर, म्हणत होते बाबा."

तुमच्या कपाटातही अशी एखादी डिस्क असेल. येत्या उन्हाळ्याआधी ती काढा, उजेडासमोर धरून बघा आणि वाचते आहे तोवर उतरवून घ्या.