पुणे मॅरेथॉन : तिसाव्या किलोमीटरनंतर पाय का थांबतात? गावाकडच्या धावपटूंनी अशी करावी तयारी

पुणे : पोलीस भरतीमुळे आता जवळपास प्रत्येक गावात पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं-पोरी दिसतात. यातलीच काही जण पुढे पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनला उतरतात. १९८३ साली सुरू झालेली ही स्पर्धा साधारणपणे डिसेंबरच्या थंडीत होते. अर्धी मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, बऱ्यापैकी सराव असलेला गडी काढून नेतो. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, म्हणून मेहनतही दुप्पट, असा हिशेब अनेकजण करतात. तो हिशेब साफ चुकतो. खरी शर्यत ३० किलोमीटरच्या पुढे सुरू होते.

कारण सोपं आहे. भात, भाकरी, बटाटा यांतून मिळणारी साखर स्नायूंत आणि यकृतात साठते. हा साठा साधारण दोन हजार कॅलरींचा असतो. माणूस पळताना वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला सुमारे एक कॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलोच्या धावपटूला पूर्ण अंतरासाठी अडीच हजारांच्या आसपास कॅलरी लागतात. काही वाटा चरबी उचलते, पण वेग जास्त ठेवला की साखरच जास्त जळते. मग तीस-बत्तीस किलोमीटरला टाकी रिकामी होते. अंगात चरबी भरपूर असते, पण ती हळू जळते. पाय जड होतात, डोकं चालेनासं होतं, पिंढऱ्यांत गोळे येतात. धावपटू याला ‘भिंत’ म्हणतात.

शंभर वर्षांपूर्वीची पुण्याची पोरं

या अंतराशी पुण्याचं नातं जुनं आहे. सर दोराबजी टाटा डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना तिथे लांब पल्ल्याची शर्यत झाली. पळणारे बहुतेक शेतकरी, तेही अनवाणी आणि कुठलंही रीतसर प्रशिक्षण नसलेले. त्यांच्या वेळा पाहून दोराबजी थक्क झाले आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा संघ पाठवायचं ठरलं. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये १९ वे आले, सुमारे २ तास ५० मिनिटांत. त्या वर्षीचं अंतर तर ४२.७५ किलोमीटर होतं, आजच्यापेक्षाही जास्त. त्याच शर्यतीत उतरलेले सदाशिव दातार मात्र ती पूर्ण करू शकले नाहीत. शेवटचा टप्पा भल्याभल्यांना सोडत नाही. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री सगळ्यांत पुढे स्टेडियममध्ये शिरला, पण उलट्या दिशेनं वळला, पुन्हा पुन्हा कोसळला. लोकांनी धरून त्याला रेषेपार नेलं आणि मदत घेतली म्हणून तो बाद झाला.

सुरुवात हळू, हेच अवघड

भरतीचा सराव इथे आडवा येतो. १६०० मीटरला सुटताक्षणी जोर लावायची सवय लागलेली असते. मॅरेथॉनला ती महागात पडते. साडेचार तासांत संपवायचं असेल तर किलोमीटरला साधारण ६ मिनिटं २४ सेकंद लागतात. पहिले पाच किलोमीटर ६ मिनिटं ४० सेकंदांनी पळालं तर जेमतेम दीड मिनिट मागे पडतं. उलट सुरुवातीला उधळपट्टी करून शेवटचे दहा किलोमीटर चालत काढावे लागले, तर चाळीस मिनिटं सहज जातात. बाजूचा पुढे गेला तर जाऊ द्यावा. तो बहुतेक पस्तिसाव्या किलोमीटरला भेटतोच.

तयारीला चार महिने हवेत. तेही आरामात १५-१६ किलोमीटर पळता येत असेल तर. आठवड्यातून एकच लांब पळणं ठेवावं, ते दर आठवड्याला दोन किलोमीटरनं वाढवावं, चौथ्या आठवड्याला कमी करावं. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी एकदा ३० ते ३२ किलोमीटर झाले की बस. त्यानंतर सराव घटवायचा. शेवटच्या आठवड्यात घाबरून पुन्हा ३० किलोमीटर पळणारे थकलेले पाय घेऊनच स्पर्धेला जातात. लांब पळण्यातले शेवटचे चार-पाच किलोमीटर स्पर्धेच्या वेगानं काढावेत, म्हणजे दमलेल्या पायांना सवय होते. शेताच्या मऊ वाटेवर पळणारांनी थोडा सराव डांबरी रस्त्यावरही करावा. बैठका सोडू नयेत, मांड्या त्यांनीच टिकतात.

खाणं भूक लागायच्या आधी. पाऊण तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात जायला हवी. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळते, गुळाचा सुपारीएवढा खडा आणि खजूरही चालतो. महागडी पाकिटं घेतलीच पाहिजेत असं काही नाही. मात्र जे स्पर्धेत खाणार ते सरावात खाऊन पाहिलेलं हवं. आदल्या रात्री मटणाचा रस्सा नको, साधा वरणभात बरा. पाणी थोडं थोडं प्यावं. तांब्याच्या तांब्या रिचवले तर रक्तातलं मीठ पातळ होऊन जिवावर बेतू शकतं. पळण्याआधी वेदनाशामक गोळी घ्यायची खोड तर मूत्रपिंडाला घातक.

अलीकडच्या काही वर्षांत पुण्याचा मार्ग सणस मैदानापासून सिंहगड रोडनं नांदेड सिटीपर्यंत आणि परत, असा राहिला आहे. पूर्ण मॅरेथॉनला त्याच्या दोन फेऱ्या. म्हणजे अर्धं अंतर झाल्यावर मैदानाजवळ येऊन पुन्हा मागे फिरायचं, आणि ते मनाला फार जड जातं. म्हणून सरावातही घरावरून जाऊन पुन्हा तीच फेरी मारावी. यंदाचा मार्ग आयोजकांकडून आधी तपासून घ्यावा. दुसऱ्या फेरीत ‘अजून वीस’ न म्हणता पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंतच विचार करावा.

छातीत दुखलं, चक्कर आली, बोलताना शब्द अडखळले तर तिथंच थांबून रुग्णवाहिकेपाशी जावं. १८ वर्षांखालच्या पोरांनी पूर्ण अंतराच्या नादी लागू नये. बहुतेक स्पर्धांत तशी परवानगीही नसते. शर्यत संपल्यावर लगेच बसू नये, दहा मिनिटं चालावं, काहीतरी खावं. मोटारसायकलला किक मारून थेट गावाकडे निघणं टाळावं, कारण पायात गोळा आला तर ब्रेक दाबला जात नाही. स्वारगेटचं एसटी स्थानक सणस मैदानापासून जवळच आहे.