विषुववृत्ताजवळचे तुफान

१९६० च्या कॅरोल वादळाच्या आठवणी आम्हा मॉरिशसच्या मराठी घरांत अजून निघतात. सिंगापूरला ती धास्ती नाही, असेच सारे मानत. कारण विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला पुरेसे वळण मिळत नाही. २७ डिसेंबर २००१ रोजी हा समज खोटा ठरला. ईशान्य मोसमी वारे बोर्निओकडच्या भोवऱ्याला मिळाले आणि 'वामेई' टायफून सिंगापूरपासून अवघ्या साठेक किलोमीटरवर, जोहोरच्या किनाऱ्यावर थडकले. असे तुफान १०० ते ४०० वर्षांतून एकदाच व्हावे, असा संशोधकांचा अंदाज आहे. आपली मुलेनातवंडे आता सिंगापूरच्या पूर्व टोकाला, चांगी बिझनेस पार्कमधील कचेऱ्यांतही नोकरीला जातील. त्यांना आम्ही एवढेच सांगू: क्वचित म्हणजे कधीच नाही, असे नव्हे.